कळंबाला हत्यार नाही

"कळंबाला माझं हत्यार लागायचं न्हाई. दुसऱ्या मेटावर घेऊन जा."

भिवाआबा सुतारांनी हे मान वर न करता सांगितलं. अंगणात बैलगाडी उभी, गाडीत कळंबाचा मांडीएवढा जाड ओंडका, गाडीवाला घामाघूम, आणि आबा आपले पाय पसरून वाकसानं कुळवाची दांडी तासत बसलेले.

"दोन फळ्या तर काढायच्यात नुसत्या," गाडीवाला काकुळतीला आला. "चार कोस हाकत आलोय, आबा."

"बाभळ आण, हेदू आण. जांभूळ सोडून काय बी आण, तासून देतो. कळंब न्हाई."

गाडीवाला पुटपुटत बैल वळवून गेला. मेटावर, म्हणजे सुताराच्या कामाच्या त्या पडवीत, कोपऱ्यात पाटावर बसलेल्या माझ्या अंगावर मात्र काटा आला. आनंदाचा काटा. दीड वर्ष ज्याच्या मागे मी गावोगाव धूळ खात हिंडत होते, ते आयतं माझ्यासमोर येऊन पडलं होतं.

साल अठ्ठ्याहत्तर, वैशाख महिना. मी सव्वीस वर्षांची, खांद्याला शबनम, पायात जाड चपला, आणि डोक्यात माझ्याइतकं शहाणं दुसरं कोणी नाही ही खात्री. पाटणच्या वरच्या अंगाला उंबरटेक नावाचं बारकं गाव आहे, तिथे भिवाआबांच्या घरी मी मुक्काम टाकला होता. विषय होता देवक. आमच्या मानववंशशास्त्रात कुळाच्या खुणेवर बरंच लिहिलं गेलंय, पण ती खूण मुळात आली कुठून, बदलते का, बदलली तर जुनीचं काय होतं, हे मला शोधायचं होतं.

उंबरटेकात सुतारांची बावीस घरं, आणि सगळ्यांचं आडनाव सुतार. मग भाऊबंद कोण आणि सोयरे कोण हे कळायचं देवकावरून. कुणाचं उंबर, कुणाचं रुई, कुणाचं साळुंकीचं पीस. लग्नात ती फांदी वाजतगाजत आणायची, मांडवाच्या मेढीला बांधायची, तिला पहिली हळद लावायची. ती म्हणजे कुळाचा मूळपुरुषच. त्या झाडाला सुतार हत्यार लावत नाही, त्याचं लाकूड चुलीत घालत नाही. आणि ज्या दोन घरांचं देवक एक, ती घरं भावाभावांची. त्यांच्यात सोयरीक होत नाही. भिवाआबांचं देवक होतं जांभूळ. मग जांभळाबरोबर कळंबही का वर्ज्य?

माझ्या मार्गदर्शकांचा एक लाडका सिद्धांत होता. कुळं एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जातात, तिथलं झाड देवक म्हणून धरतात, पण जुन्या झाडाला न तोडण्याची चाल मागे उरते. देवक जातं, निषेध राहतो. सरांनी हे मांडलं होतं, सिद्ध करणारं उदाहरण मात्र एकही मिळत नव्हतं. माझ्या प्रबंधाचा सगळा डोलारा अशा एका उदाहरणावर उभा राहायचा होता.

मी पाट ओढून आबांच्या जवळ सरकले.

"आबा, कळंबाला हत्यार का नाही लावत तुम्ही?"

"न्हाई लावत."

"पण का?"

वाकस थांबला. तेवढ्यात आबांची सून अनशीवहिनी चहा घेऊन आल्या. आबांचा मुलगा मुंबईला गोदीत कामाला, नातवालाही शिकायला तिकडेच नेलेलं, वर्षातून दोनदा यायचे. घर वहिनींच्याच जिवावर चालायचं. त्यांनी कपबशी आबांच्या पुढ्यात ठेवली आणि खांबाला बांधलेलं वासराचं दावं बघत तिथेच उभ्या राहिल्या.

"तुमचे वडील लावायचे का?" मी विचारलं.

आबांनी सुनेकडे पाहिलं, मग हातातल्या दांडीकडे. काही बोलले नाहीत. इथे मी थांबायला हवं होतं. पुढे तीस वर्षं मी मुलांना वर्गात हेच शिकवलं, की समोरचा गप्प बसला तर तुम्हीही गप्प बसा, त्याला वेळ द्या. त्या दिवशी मला कुठला दम निघायला.

"म्हणजे तुमच्या घराण्यात पूर्वीपासूनच नाही लावत, असंच ना?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर काहीतरी सैल झाल्यासारखं मला दिसलं. म्हाताऱ्या माणसाला विसरलेलं आठवलं, असा मी त्याचा अर्थ लावला.

"असंल," ते म्हणाले.

मी वहीत लिहिलं: कळंबाला हत्यार लावण्यास पूर्वापार निषेध. खाली दोन रेघा मारल्या. त्याच दिवशी सरांना पत्र टाकलं.

अनशीवहिनी वासराचं दावं सोडून पुन्हा बांधत होत्या. त्यांची ही एक सवयच होती. वासरू असो, पोहऱ्याचा दोर असो नाहीतर पिठाच्या पिशवीचं तोंड असो, त्या तीन गाठी मारायच्या, वर ओढून बघायच्या, चार पावलं जाऊन परत येऊन बघायच्या. घरात त्यावरून चेष्टा चालायची. "आयेची गाठ हाय, आता ती विळ्यानंच सुटंल," असं त्यांची लेक हौसा म्हणायची. मीही एकदा म्हटलं होतं, "वहिनी, वासरू काय पुण्याला पळून जातंय का?" त्या ओशाळं हसल्या होत्या. माझ्या वहीत झाडांना रकाना होता, पिसांना होता, हत्यारांना होता. बाईच्या गाठींना नव्हता.

हौसा अठरा वर्षांची. बडबडी, कामाला चपळ. तिचं लग्न ठरलं होतं खडकवण्याच्या दत्तूशी. दत्तू पुण्यात एका कारखान्यात लाकडाचे साचे करायचा. सुपारी फुटली होती, बारा दिवसांवर तारीख आली होती, आणि हौसाला माझ्यात एकदम फार रस निर्माण झाला होता.

"बाई, पुण्यात नळाला दिवसभर पानी असतं?"

"असतं की."

"आन् एका खोलीचं घर असलं तर चूल कुठं मांडत्यात?"

"स्टोव्ह असतो गं. मी शिकवीन तुला पेटवायला."

"तुमचं घर किती लांब पडंल?"

"सायकलवर अर्धा तास."

"मग ह्यास्नी सायकल घ्याया लावते," ती म्हणाली आणि मग आपण काय बोललो हे ध्यानात येऊन पदराआड हसत सुटली. दत्तूला तिनं दोनदाच पाहिलं होतं, एकदा जत्रेत आणि एकदा सुपारीला. पण दुसऱ्या वेळी त्यानं तिला हळूच विचारलं होतं, करमेल का पुण्यात. तिला कोणी काही विचारलं ते आयुष्यात पहिल्यांदा, असं तिनं मला सांगितलं. मी तिला पुण्याचा माझा पत्ता लिहून दिला. तो तिनं पत्र्याच्या पेटीत नव्या लुगड्याच्या घडीत ठेवला.

आठवड्यानं खडकवण्याहून दत्तूचे चुलते आले, निवृत्ती मिस्त्री. वऱ्हाड कधी निघायचं, देवक कधी बसवायचं, हे बोलायला. स्वच्छ पटका, हळू बोलणं, सभ्य माणूस. ओसरीवर घोंगडं अंथरलं होतं. आबा भिंतीला टेकून, मी खांबाशी. अनशीवहिनी चहा देऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे आतल्या अंधारात हौसाच्या बांगड्या वाजत होत्या.

"बाई काय लिवत असत्यात?" निवृत्तींनी कौतुकानं विचारलं.

"आमच्या कुळाचं समदं लिवून घेत्यात," आबा म्हणाले.

"मग काय गावलं? आमास्नी बी सांगा की."

सरांचं उत्तर आदल्याच दिवशी आलं होतं. त्यांनी लिहिलं होतं की हा पुरावा पक्का असेल तर तुझा प्रबंध उभा राहिला समज. मी हुरळून गेले होते. कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालं होतं, आणि हा भला माणूस आपणहून विचारत होता. जीभ सैल सुटली. मी त्यांना अगदी व्याख्यानच दिलं. आबांचं कूळ पूर्वी दुसऱ्या मुलखात असणार, तिथलं मूळ देवक वेगळं असणार, जांभूळ नंतर धरलेलं, आणि जुन्या देवकाची खूण अजून या घरात जिवंत आहे. कशी? तर आबा कळंबाला हत्यार लावत नाहीत.

"म्हणजे मूळ देवक कळंब," मी म्हणाले.

निवृत्तींनी कपबशी खाली ठेवली.

"पुन्हा सांगा, बाई."

मी पुन्हा सांगितलं. आणि सांगता सांगताच मला दिसलं की आबांचा हात घोंगड्यावर मुठीसारखा आवळला गेलाय.

"आमचं देवक कळंब हाय," निवृत्ती म्हणाले.

खडकवण्याला मी अजून गेलेच नव्हते. पुढच्या आठवड्यात जायचं ठरलं होतं.

पुढेही निवृत्तीच बोलले, आणि आज आठवतं तेव्हा मला त्या माणसाच्या चांगुलपणाचंच जास्त वाईट वाटतं. "आबा, तुमचं जांभूळ हाय हेच आजवर ऐकलंय. त्येच्यावर सोयरीक केली. कळंब न तासायला दुसरं काय कारन असंल तर सांगा. तुमच्या शब्दावर माझा इस्वास हाय. मी घरी जाऊन तसंच सांगंन, आन् लगीन हुईल."

आबांनी मान वर केली. दारात अनशीवहिनी उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक दातात धरलं होतं आणि त्या सासऱ्याकडे बघत होत्या; एका शब्दावर लेकीचं लग्न अडलंय एवढंच त्यांना कळत होतं. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलले. एकदा नाही, दोनदा हलले. मग त्यांनी मान खाली घातली.

"बाई शिकलेल्या हायत," ते म्हणाले. "त्या म्हनत्यात तसंच असंल."

निवृत्ती माझ्याकडे वळले. "बाई, तुमी तरी नीट सांगा. तुमचा अंदाज हाय, का हे खरं हाय?"

अंदाजच होता. माझ्याजवळ होता एक परत पाठवलेला ओंडका आणि एक 'असंल', तोही मीच त्यांच्या तोंडात घातलेला. 'अंदाज आहे हो नुसता,' एवढं म्हणायला काय लागत होतं? हौसाच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या. पण सरांचं पत्र माझ्या शबनममध्ये होतं. आणि दुसरंही एक होतं, ते कबूल करायला मला फार वर्षं लागली. आपण चुकलो असू असं मला तेव्हा खरोखर वाटलंच नाही. लग्न मोडेल याचं वाईट वाटलं, पण खरं ते खरं, अशी माझी ऐट होती.

"खरं आहे," मी म्हणाले.

निवृत्ती उठले. आबांच्या पायांना हात लावला. "भावाबहिनीचं लगीन कसं लावायचं, आबा? देवानं येळेवर दावलं म्हनायचं," म्हणाले आणि अर्धा चहा तसाच ठेवून गेले. आत काहीच आवाज झाला नाही. हौसा रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी मी निघाले. मला कोणी जा म्हणालं नव्हतं. वहिनींनी नेहमीसारखी भाकरी बांधून दिली, फडक्याला तीन गाठी मारून. आबा मेटावर होते. मी नमस्कार केला तर म्हणाले, "बाई, तुमचं काय चुकलं न्हाई." ते एवढं दाटून का म्हणाले हे मला कळलं नाही. मी मनातल्या मनात त्यांचे आभारसुद्धा मानले.

हौसा माझी पिशवी घेऊन फाट्यापर्यंत आली. एसटीची धूळ वळणावर दिसली तेव्हा म्हणाली, "बाई, वहीत लिवलेलं खोडता येतं का?"

"का गं?"

"तेवढं एक वाक्य खोडा. मी वही घेऊन खडकवण्याला जाते. निवृत्तीमामास्नी दावते, बाई चुकल्या म्हनून. त्ये चांगलं हायत, ऐकत्याल."

"हौसा, ते पटलं म्हणून लिहिलंय मी. शास्त्र आहे ते. तुला वाईट वाटतं म्हणून कसं खोडू?"

तिनं जरा विचार केला. "बरं," म्हणाली, आणि पिशवी माझ्या हातात दिली. गाडी सुटेपर्यंत ती उभी होती. मी हात केला, तिनंही केला.

प्रबंध झाला, त्याचं पुस्तक झालं. जांभूळ आणि कळंब यांचं ते प्रकरण फार गाजलं. मी प्राध्यापक झाले, विभागप्रमुख झाले. दरवर्षी नव्या मुलांपुढे मी उंबरटेकच्या म्हाताऱ्या सुताराची गोष्ट सांगायचे, फक्त निवृत्ती मिस्त्रींपर्यंत पोचायच्या आत थांबायचे. गावी पुन्हा गेले नाही. हौसाला पत्र लिहायला दोनदा घेतलं, दोन्हीदा मायना लिहून थांबले. आबा दोन वर्षांनी वारल्याचं कळलं, तेव्हाही गेले नाही.

एकतीस वर्षांनी माझा एक विद्यार्थी त्या भागात जाऊन आला आणि धावतच माझ्या खोलीत शिरला.

"मॅडम, तुमचं अगदी बरोबर निघालं. त्या घरात आता कळंबाचंच देवक पुजतात. मी स्वतः विचारलं. आमचं मूळ देवक कळंबच, म्हणाले. पुढच्या महिन्यात लग्न आहे त्यांच्याकडे."

त्यानं पेढे आणायचे तेवढे बाकी ठेवले होते. मला बरं वाटायला हवं होतं, पण झोप उडाली. मी जुनी वही शोधून काढली आणि गेले.

हौसाच्या धाकट्या भावाच्या मुलाचं लग्न होतं. मेटाच्या जागी सिमेंटचं घर झालेलं, दारात मांडव. मला ओळखलं ते हौसानंच. एकोणपन्नास वर्षांची, केस पिकलेले, गळा मोकळा.

"बाई, लई उशीर केलासा," म्हणाली. रागानं नाही, वाढायची वेळ टळलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं. ती अंगणवाडीत शिकवत होती. लग्न झालं नव्हतं. मी न विचारताच तिनं सांगितलं, "दत्तूचं त्याच वर्सी दुसरीकडं झालं. मला दोनतीनदा बघाया आले. जांभळावाले म्हनायचे तुमचं जांभूळ, कळंबवाले म्हनायचे तुमचं कळंब. बाकीचे म्हनायचे, ज्या घराला आपलं देवक ठावं न्हाई तिथं पोरगी कशी करावी."

मी चपला काढून परसाकडे वळले.

अनशीवहिनी परसात सुपात हळदकुंकू मांडत होत्या. सत्तरी ओलांडलेली, पाठ वाकलेली. शेजारी कळंबाची ताजी फांदी. मला बघून त्यांनी पाट सरकवला. मग सुपातली लाल फडक्याची एक लांबट पुरचुंडी उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

"सोडा," म्हणाल्या.

आत हातभर लांबीचं, काळं पडलेलं गोल लाकूड होतं. एका टोकाला तुटलेलं, ढलप्या निघालेलं.

"पाळण्याची वरची दांडी हाय. कळंबाची. आबांनी सोता केलेला पाळणा. हौसाच्या आदी मला पोरगा हुता, शंकर. पयला नातू म्हनून आबांस्नी लई घाई, ओल्या लाकडाचाच केला. तुळईला दोरी मीच बांदली. चार म्हयन्याचं लेकरू. दुपारी झोका देऊन मी पान्याला गेले, आले तर पाळणा खाली. लेकराचं डोकं जोत्याच्या दगडावर. दोरी सुटलेली." त्या थांबल्या. आवाज सपाट होता. "समदी म्हनाली, अनशीनं गाठ नीट मारली न्हाई. मालक बोलले, सासू मरस्तवर बोलली. मी बी तेच म्हनत हुते. गाठ माझीच हुती न्हवं."

माझ्या हातातलं लाकूड मला जड व्हायला लागलं.

"आबा मरायच्या आदल्या दिवशी बोलले, तवा ही हातात दिली. पाळणा पडल्याचा आवाज मेटावर त्यांनीच पयला ऐकला. धावत आले तर दांडी मोडल्याली. गाठ जशीच्या तशी. सुताराच्या हातानं नातू गेला असं कुनी म्हनू नये, म्हनून त्यांनी दांडी पटक्यात गुंडाळून लपवली, त्या आकांतात ती कुनी हुडकली न्हाई. आन् माझी गाठ आपल्या हातानं सोडली."

हौसा माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. मी तिच्याकडे वळून पाहू शकले नाही.

"त्या दिसापास्नं कळंबाला हत्यार लावलं न्हाई," वहिनी म्हणाल्या. "वीस वर्सं कुनी इचारलं न्हाई. मग तुमी इचारलंसा. आबा म्हनाले, मी समोर हुते म्हनून जीभ उचलंना. न्हाईतर त्या दिशी त्यांच्या तोंडात आलं हुतं. तेवढ्यात तुमीच म्हनालासा, घराण्यात पूर्वीपास्नंच न्हाई लावत ना. आबांस्नी वाटलं, देवानं वाट दिली. आन् एकदा त्या वाटेनं गेल्यावर, निवृत्ती मिस्त्री इचारत हुते तरी मागं फिरता येईना."

ते सैल झालेलं तोंड मला एकतीस वर्षांनी नीट दिसलं. आठवण आल्याचा आनंद नव्हता तो. सुटका होती. आणि ती मी दिली होती, स्वतःच्या हातानं, एका प्रश्नात उत्तर घालून.

"तुम्ही काय म्हणालात त्यांना?" मी कसंबसं विचारलं.

"पानी मागितलं, पाजलं. काय म्हननार?"

मी पिशवीतून वही काढली. पिवळं पडलेलं ते पान, दोन रेघा मारलेलं ते वाक्य. पेनाचं टोपण काढलं.

"मी हे खोडते, वहिनी. छापूनही सांगते सगळ्यांना, की मी चुकले. कळंब तुमचं देवक नाही, कधीच नव्हतं."

हौसानं पुढे येऊन पानावर हात ठेवला.

"आता नका खोडू," ती म्हणाली. "तुमचं पुस्तक मास्तरनी गावात वाचून दावलं. भाऊबंद म्हनाले, आपलं खरं देवक कळंब. पयलं लगीन निघालं तवा आयेनं ही दांडी गुपचूप त्या फांदीत बांदून दिली. त्येच्यावर अकरा लग्नं झाली. ज्याचं नाव घराण्यात कुनी घेत न्हाई त्येला दर लग्नात पयली हळद लागती. लोकास्नी वाटतं मूळपुरुष हाय. असूं दे."

"पण तुझं..." मी म्हणाले.

"माझं खोडायचं हुतं तवा खोडलं न्हाईसा, बाई. आता त्या वाक्यावर आयेचं लेकरू बसलंय. त्येला उठवू नका."

ती रागावली असती, रडली असती, तरी चाललं असतं. ती फक्त हात तसाच ठेवून उभी होती, मी टोपण लावेपर्यंत.

बाहेर वाजंत्री सुरू झाली. मांडवात माणसं गोळा झाली होती. दांडी फांदीच्या पानांत झाकून आम्ही ती मेढीपाशी नेली. अनशीवहिनींनी मला फांदी धरायला सांगितली. मी दोन्ही हातांनी धरली. त्यांनी सुंभ दोनदा गुंडाळलं, आवळलं, एक गाठ मारली आणि हळदीचं सूप उचलायला वळल्या.

मी फांदी धरून तशीच उभी राहिले, दुसऱ्या गाठीची वाट बघत.

"सोडा आता, बाई," हौसा म्हणाली. "आबा बोलल्यापास्नं ती एकच मारती."